चार पायांचा टोळ

नातू ओसरीत मोबाईल घेऊन बसला होता आणि एकटाच खदाखदा हसत होता. मी विचारलं, काय झालं एवढं? तो म्हणाला, "आजोबा, जुना इंग्रजी सिनेमा आहे. राक्षसी टोळांचा. इतका भंगार आहे की मजा येते." मी चष्मा चढवला आणि त्या वीतभर काचेत डोकावलो. एका घराच्या भिंतीआडून एक टोळ डुलत डुलत पुढे येत होता. चार पायांवर.

माझं डोकंच सटकलं. मी एवढ्या जोराने ओरडलो की सून आतून धावत आली. नातू म्हणतो, "चिडताय काय आजोबा, नुसती गंमत आहे." गंमत! ह्या गमतीपायी माझी ठरत आलेली सोयरीक मोडली, हे त्याला कोण सांगणार? त्याच्या आजीला ठाऊक होतं, ती गेली. दुसऱ्या कुणाला मी कधी सांगितलं नाही. आता सांगतो, आणि लिहूनच सांगतो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. जोडाक्षरं चुकतील, ती मला दाखवायला येऊ नका. टोळाला सहा पाय असतात, हे शिकायला मला शाळा लागली नव्हती.

आम्ही देवासचे जीनगर. जीन म्हणजे खोगीर. मराठी फौजांबरोबर जी घरं माळव्यात आली, त्यांत घोड्यावर बसणारे होते तसे घोड्याचं खोगीर शिवणारेही होते. आम्ही ते दुसरे. देवासात राजघराण्याच्या दोन पात्या, दोन महाराज, दोन पागा. आम्ही धाकट्या पातीकडचे. वडिलांनी शिवलेलं खोगीर घोड्याच्या पाठीला कधी खुपलं नाही. मग संस्थान विलीन झालं. पागा रिकामी झाली, घोडे कुणी कुठे नेले कोण जाणे. वडील पुढच्याच वर्षी गेले. घरात उरलो मी, माझी विधवा आत्या, आणि चामड्याच्या तुकड्यांचं एक पोतं.

घोडाच नाही तर जीनगराने शिवायचं काय? लोक म्हणाले, सायकलच्या सीटा शीव. मी म्हणालो, घोड्यावरून सायकलवर उतरायला मी तयार नाही. मी कागदाकडे वळलो. गणपतीची मखरं, लग्नातला अंबारीचा हत्ती, दसऱ्याच्या रावणाची तोंडं. हात तोच, नजर तीच, फक्त हाताखाली चामड्याच्या जागी कागद आला.

विशीला आलो तशी आत्याने धारला सोयरीक लावली. तेही जीनगरच. मुलीचे वडील अजून चामड्यात काम करत होते. डही-कुक्षीच्या बाजारांत त्यांनी शिवलेले बैलांचे पट्टे शेतकरी नाव घेऊन मागत. बोलणी झाली, पत्रिका जुळली, फक्त सुपारी फुटायची राहिली. आमच्यात सुपारी फुटली की लग्न ठरलं. तोवर सगळं नुसतं बोलणं. आणि ती फुटत नव्हती, कारण पाहुण्यांच्या, म्हणजे मुलीच्या वडिलांच्या, मनात एक काटा होता. ते आत्याला म्हणाले होते, "मुलगा बरा आहे हो. पण कागद चिकटवतो. कागद म्हणजे एका पावसाचा धनी. पोर कशाच्या भरवशावर देऊ?"

आत्याने हे मला सांगितलं आणि दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मुलगी मी एकदाच पाहिली होती, तीही मान खाली घातलेली. पण मला ती हवी होती. पाणी देताना तिच्या बोटांवर सुईच्या खुणा दिसल्या होत्या. बापाबरोबर शिवत होती ती.

तेवढ्यात थेटरचा मनीजर दारात आला.

थेटर म्हणजे पत्र्याची लांब शेड. वर पत्र्याला भोकं, त्यामुळे दुपारच्या खेळाला पडद्यावर उन्हाचे रुपये पडायचे. पुढे जमिनीवर बसायचं, मागे खुर्च्यांच्या रांगा, आणि डाव्या हाताला बायकांसाठी कनात लावलेली. मनीजर बाहेरगावचा माणूस, जाडा, तोंडात सदा पान. मला म्हणाला, "भिया, विलायती पिक्चर आ रिया है. टिड्डे का. हाथी से बड़ा टिड्डा! दरवज्जे पे ऐसो टिड्डो खड़ो कर दो के देखने वाले का पाणी सूखी जाय."

मी विचारलं, "फोटो है?"

त्याने एक कागद उलगडला. त्यावर किंचाळणारी एक गोरी बाई आणि तिच्यामागे नुसती सावली. म्हणाला, "बाकी सब परदे पे देखजो."

मी विचार केला आणि म्हणालो, करतो. पण मजुरी नको. पहिल्या खेळाला मागच्या खुर्च्यांची एक पूर्ण रांग मला द्या, आणि कनातीत बायकांची पहिली बैठक. त्याला वाटलं, वेडा आहे. त्याला काय ठाऊक? दरबार भरायचा तेव्हा आमचा माणूस दाराशी उभा असायचा. खोगीर आमचं, त्यावर बसणारा दुसरा, खुर्ची तिसऱ्याची. मला माझी माणसं एकदा खुर्चीवर बसलेली बघायची होती. आणि धारच्या पाहुण्यांना त्या खुर्चीवर बसवून दाखवायचं होतं, की बघा, सगळं देवास ज्याच्या कामाला भिऊन थेटरात शिरतंय, तो कागद चिकटवणारा मी.

टोळ मी ओळखत होतो. लहानपणी सोनकच्छला मामाच्या शेतावर टोळधाड पाहिली होती. आधी आभाळ मळकट झालं, मग गारा पडाव्यात तसा आवाज. बायका, पोरं, म्हातारी, सगळी पत्र्याचे डबे बडवत शेतात धावली. काही उपयोग झाला नाही. ज्वारीची ताटं उभ्या उभ्या नाहीशी झाली. बाभळीची एक फांदी नुसत्या टोळांच्या ओझ्याने मोडलेली मी डोळ्यांनी पाहिली. मामा बांधावर बसून राहिला होता, त्याच्या पागोट्यावर टोळ बसले होते आणि तो ते झटकतही नव्हता. त्यातला एक टोळ मी काड्यापेटीत घालून आणला होता. वाळून खडखडीत झाला होता, पण सहाच्या सहा पाय शाबूत. ती काड्यापेटी माझ्याजवळ होती. मी ती उघडून समोर ठेवली आणि कामाला लागलो.

बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रद्दीचे सात थर. मैद्याच्या खळीत मोरचूद घातला, म्हणजे कीड लागत नाही. किड्याला कीड लागू नये म्हणून औषध घालतोय बघा, असं म्हणून आत्या हसली होती. पंखांना पतंगाचा कागद अळशीच्या तेलात भिजवून लावला, उजेडात धरला की शिरा दिसायच्या. मागच्या तंगड्यांवर खऱ्या बाभळीचे काटे. डोळ्यांना लाख, तपकिरी, आत उभ्या रेघा, कारण टोळाच्या डोळ्यात उभ्या रेघा असतात. आणि सांधे? सांध्यांना कागद चालत नाही. ते पोतं उघडलं. वडिलांच्या हातचं उरलेलं चामडं काढलं आणि दोन सुयांच्या टाक्याने सहाही पाय शिवले. खोगिराला घालतात तोच टाका. एका भोकातून दोन्हीकडून सुई जाते. एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. पोटातून दोरी ओढली की मागची तंगडी उचलायची आणि जबडा चालायचा.

बैलगाडीवर घालून तो गावातून फिरवला तेव्हा टांग्याचा एक घोडा उधळला. मला मनातून बरं वाटलं. घोड्यांशी आमचं नातं अजून होतं म्हणायचं.

मग मी ती गोष्ट केली, जिची मला आजपर्यंत चीड येते. खुर्च्यांची रांग मिळाली होती, माणसं बोलवायची होती. तोंडी बोलावणं मला हलकं वाटलं. आमच्यात मानाचं बोलावणं म्हणजे ताटात पिवळ्या अक्षता आणि सुपारी घेऊन दारात जायचं. अक्षत घेतली की घरच्याने यायलाच पाहिजे. आणि अक्षत देणारा त्या दिवसापुरता यजमान. पानात जे पडेल त्याची जबाबदारी त्याची. आत्या म्हणाली, "अरे, अक्षत लग्नाची, मुंजीची. सिनेमाला कुणी अक्षत देतं का?"

मी म्हणालो, "मी देतो."

"तू बघितलायस का तो सिनेमा?"

"टोळ मी बनवलाय. आतला ह्याच्याहून मोठाच असणार. विलायतेचा आहे."

अकरा घरांत अक्षत दिली. आणि बारावी द्यायला इंदूरवरून बस बदलून धारला गेलो. पाहुण्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तमाशाला अक्षत?" म्हणाले.

मी म्हणालो, "सहकुटुंब यायचं. संध्याकाळी आमच्या घरी सुपारी फोडू."

ते नाही म्हणू शकले नाहीत. अक्षत परत करणं म्हणजे दारातल्या माणसाला ढकलणं. आणि सहकुटुंब म्हटल्यामुळे मुलीलाही आणणं भाग पडलं. अशी पद्धत नव्हती, पण अक्षतेपुढे पद्धत वाकली.

खेळ दुपारी तीनचा. थेटरच्या दारात माझा टोळ उभा, भोवती ही गर्दी. धारचे पाहुणे त्याच्यासमोर थांबले. मी त्यांना रांगेच्या मधल्या खुर्चीवर बसवलं. बायका कनातीआड गेल्या. माझी अकरा घरं खुर्चीवर बसली होती, नवे कपडे घालून, गुडघ्यावर हात ठेवून. मी बसलो नाही. यजमान पंगतीत बसतो का?

सिनेमा सुरू झाला. एक टकल्या साहेब चिरूट ओढत बोलायला लागला. बोलला, बोलला, बोलतच राहिला. इंग्रजी कुणाला कळणार, म्हणून मनीजर पडद्याशेजारी भोंगा घेऊन उभा होता. तो सांगायचा, "साब के रिया है के खतरा है." पाच मिनिटांनी साहेब तसाच. "साब अब्बी बी के रिया है के खतरा है." पुढून कुणीतरी ओरडलं, "साब को बोलो, खतरे को जल्दी बुलाए!"

मग एक बाई आली, ती रडली. मग मोटार आली, ती गेली. बाटलीतलं औषध टोळांनी खाल्लं आणि टोळ वाढले, असं मनीजर म्हणाला. पडद्यावर ती बाटली तेवढी दिसली. पत्र्याखाली माणसं भाजून निघत होती. माझ्या रांगेतले एक म्हातारे टोपीचा पंखा करून वारा घेत माझ्याकडे वळून बघत होते. मी मान हलवली. येतोय, येतोय, असं.

आणि आला.

चार पायांचा! दोन माणसं पोतं पांघरून रांगत असावीत तसा. डोळ्यांच्या जागी विजेचे दिवे. पंख पाठीला बांधलेले, आणि ते बांधलेली दोरी दिसत होती. मी म्हणालो, आता नीट दिसेल, आता नीट दिसेल. तो वळला आणि मागच्या पायाखाली काळा बूट दिसला.

"अरे, इनने तो बूट पेन रख्या हे!"

पत्र्याची शेड फुटेल असं लोक हसले. मग हसणं संपलं आणि शिव्या सुरू झाल्या. शेंगांची टरफलं उडाली. "जीनगर भिया, थारो टिड्डो कां हे? इनसे तो थारो वालो अच्छो थो!" कुणीतरी स्तुतीच केली होती, पण माझ्या कानाला ती शिवी लागली. कारण माझी अकरा घरं हसत नव्हती. ती खुर्चीवर तशीच बसली होती, गुडघ्यावर हात ठेवून, जसं जेवणात खडा लागला तरी पाहुणा बोलत नाही. फक्त कनातीआडून बायकांचा आवाज येत होता. तो कसला होता ते मला त्या गोंधळात कळलं नाही. मला वाटलं, बायकाही शिव्या घालतायत.

टोळ एकंदर तीनदा आला. तिन्ही वेळा चार पाय. मी मोजले.

तिसऱ्यांदा आला तेव्हा मी पडद्यापाशी गेलो आणि मनीजरचा भोंगा हिसकावला. त्याला गचांडी धरून बाहेर उन्हात आणला, माझ्या टोळासमोर. म्हणालो, "हे काय दाखवलंस?"

तो घाबरला होता. म्हणाला, "भिया, गुस्सो मत करो. असली रील तो इंदौर में अटकी पड़ी हे. उसी में पूरी फौज हे टिड्डों की. कल आवेगी, कसम से."

"असली रीळ नव्हती तर खेळ का लावलास?"

"अब इत्ती पब्लिक थारे टिड्डे ने जमा करी, मैं कैसे रोकतो?"

मी हात उचलला होता. तेवढ्यात मागून धारचे पाहुणे आले. ते आम्हा दोघांकडे बघतही नव्हते. सरळ टोळाकडे गेले. खाली बसले. एकेक करून सहा पाय मोजले. मग मागची तंगडी धरून सांधा दोन्ही हातांनी खेचला, असा की मला वाटलं आता निखळणार. निखळला नाही. त्यांनी टाक्यावरून अंगठा फिरवला.

"दोन सुयांचा," म्हणाले.

"हो."

"टाका पक्का आहे." मग उठले, धोतर झटकलं. "आता एक सांगा. आतला सिनेमा तुम्ही बघितला होता का, अक्षत देण्याआधी?"

खोटं बोललो असतो तर चाललं असतं. मनीजर तिथेच होता, त्यानेही मान डोलावली असती. मी म्हणालो, "नाही."

"न बघता अक्षत दिली."

"असली रीळ आली नाही म्हणतो हा."

"रीळ मला कळत नाही. पान वाढायच्या आधी यजमानाने चव बघायची असते, एवढं कळतं." मग त्यांनी मला जे सांगितलं ते शब्द मला तोंडपाठ आहेत. "संध्याकाळी सुपारी फोडू. पण त्याआधी तेच ताट घेऊन अकरा घरी जायचं आणि म्हणायचं, मी न बघता बोलावलं, चुकलं. एवढंच. मग मुलगी तुमची."

एवढंच! चोरी मनीजरने केली, बूट विलायतेच्या माणसाने घातला, आणि दारोदार माफी मी मागायची? जीनगराच्या पोराने? वडील राजाच्या घोड्याला जीन चढवायचे, त्यांनी कधी कुणाची माफी मागितली नव्हती. मी म्हणालो, "माझ्या कामात खोट असेल तर दाखवा. नसेल तर मी कुणाच्या दारात जाणार नाही."

"कामात खोट नाही."

"मग झालं."

"झालं," ते म्हणाले. "सुपारी तुमच्या ताटातच राहू द्या."

ते कनातीकडे गेले, मुलीला हाक मारली आणि पाचच्या बसने गेले. ती गर्दीतून जाताना एकदा मागे वळली. माझ्याकडे नाही, टोळाकडे. माझ्याकडे बघायलाही तिला लाज वाटली, असं मी समजलो.

टोळ माझा होता, मजुरी घेतली नव्हती. गाडीवर घालून घरी आणला. उजेड होता तोवरच अंगणात कुऱ्हाड घेतली. कागद पहिल्या घावाला फाटला, बांबू तिसऱ्याला. पाय काही तुटेनात. टाका सुटेना. वडिलांचं चामडं, सहा पायांचं, मला रडवून गेलं. आत्या दारात उभी होती. म्हणाली, "अरे, त्याने काय केलं तुझं?" मी पुन्हा कुऱ्हाड उचलली.

दुसऱ्या दिवशी मी थेटरात गेलो. असली रीळ आली नव्हती. तिसऱ्या दिवशी सिनेमाच गेला, त्याच्या जागी दुसरा लागला. मुलगी पुढच्या वर्षी कुक्षीकडे दिली असं कळलं. माझं लग्न दोन वर्षांनी सोनकच्छकडच्या मुलीशी झालं. घरच्या माणसाविषयी माझी काही तक्रार नाही, तिने माझा राग पन्नास वर्षं सांभाळला. पण ह्या गल्लीतल्या त्या अकरा घरांशी मी बोलणं टाकलं. त्यांनी मला काही म्हटलं नव्हतं. म्हणतील म्हणून मीच आधी टाकलं. त्यांच्या घरी कार्य निघालं की अक्षत यायची; आत्या जायची, मी नाही.

आणि खरं सांगायचं तर मनात एक गोष्ट मी धरून होतो. ती रीळ. वाटायचं, कुठेतरी त्या सिनेमाची असली रीळ आहे. तिच्यात आभाळ मळकट होतं, हत्तीएवढे टोळ येतात, सहा पायांचे. ती वेळेवर आली असती तर पाहुणे खुर्चीतून उठलेच नसते. म्हणजे दोष इंदूरचा, माझा नाही.

म्हणून त्या दिवशी नातवावर ओरडून झाल्यावर मी म्हणालो, "पहिल्यापासून लाव." तो म्हणाला, "सगळा?" म्हटलं, सगळा. एक चित्र सोडायचं नाही.

बघितला. साहेब बोलला, बाई रडली, मोटार गेली. चार पाय, बूट, दोरी. मी नातवाला दर वेळी थांबवायला लावत होतो आणि मोजत होतो. शेवटी एक विहीर पेटवून दिली आणि सिनेमा संपला. मी म्हणालो, "राहिलेला लाव." तो म्हणाला, "आजोबा, एवढाच आहे. पूर्ण आहे हा."

असली रीळ जन्मालाच आली नव्हती! ज्या रिळेवर मी एवढी वर्षं भार टाकून बसलो, ती एका पानखाऊ माणसाने उन्हात उभं राहून एका दमात बनवली होती. मला त्याचा असा संताप आला की विचारू नका. आणि संतापाच्या खाली आणखी एक गोष्ट होती, ती मला गिळवेना. पाहुण्यांचं बरोबर होतं. चव बघितली नव्हती. त्यांनी आत्याचाच प्रश्न विचारला होता.

अकरा घरांतलं आता एकच दार उरलंय, कोपऱ्यावरचं. तिथे माझ्या बरोबरीच्या मित्राची बायको राहते. तेव्हा लग्न होऊन वर्षच झालं होतं तिचं. मित्र जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्याच्या तिरडीलाही लांबूनच हात जोडले होते. सकाळी उठलो, काठी घेतली. ताट नाही घेतलं, तेवढं मला जमणार नव्हतं. चार दाणे अक्षतांचे खिशात टाकले आणि गेलो.

ती दारात तांदूळ निवडत होती. बघून उठायला लागली. "भावजी? तुम्ही? वाट चुकलात की काय!"

"बसा वहिनी. एक सांगायचं होतं. मी तेव्हा न बघता अक्षत दिली. चुकलं."

"कसली अक्षत?"

"टोळाच्या सिनेमाची."

तिने हातातले तांदूळ सुपात टाकले. मग बोळक्या तोंडाने हसायला लागली, ती थांबेचना. पदराने डोळे पुसले. "अगं बाई, तो होय! भावजी, काय हसलो होतो आम्ही! सासूबाईंपुढे दात दाखवायची सोय नव्हती तेव्हा. त्या दिवशी सासूबाईच अशा हसायला लागल्या की कनातीआड आम्ही सगळ्या लोळायच्या बाकी. त्या बुटाची आठवण काढून पुढे कित्येक वर्षं हसायच्या."

"सिनेमा भंगार होता," मी म्हणालो.

"होताच. म्हणून तर." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "आणि ती तुमची धारची माझ्या शेजारीच होती. तीही हसत होती. मी म्हटलं, घाबरली नाहीस ग? तर म्हणते कशी, 'बाहेरचा बघितला तेव्हाच घाबरून झालंय माझं. त्याचे पाय शिवलेत, चिकटवलेले नाहीत. बाबांना दाखवणारे मी.'"

मी काठी घट्ट धरली. "हे तेव्हा का सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू? आमच्या दारावरून मान वळवून जायचात. ह्यांनी दोनदा तुमचं दार वाजवलं, चल गड्या धारला, मी येतो बरोबर, म्हणायला. आत्या म्हणाल्या, तो कुणाला भेटत नाही." ती पुन्हा सूप ओढून बसली. "माफी कसली मागताय? आमच्या पानात काही वाईट पडलंच नव्हतं. चहा घेता?"

"नको," मी म्हणालो.

खिशातले दाणे खिशातच राहिले. घरी येईपर्यंत अंगाची आग होत होती. मनीजर मेला असेल, बूटवाला मेला असेल, धारचे पाहुणे तर कधीच गेले. रागवायला गल्लीत कुणीच शिल्लक नव्हतं, तरी राग काही कमी होईना.

नातू ओसरीतच होता. म्हणाला, "आजोबा, काय म्हणाली कोपऱ्यावरची आजी?"

म्हटलं, "काही नाही. तिला सिनेमा आवडला होता."